अर्ध्या डोक्याची चमक

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे साष्टांगातली बरीचशी अंगं सध्या रजेवर आहेत, पण शिर पूर्ण नमवलं आहे. पुढचं सगळं पत्र शिराबद्दलच असल्यामुळे तेवढ्यावर भागवून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? झोप लागते का? गोळ्या वेळेवर घेता, की माझ्यासारख्या उशीखाली सारता? आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे. तुमच्या बंधुराजांचं काय ते तुम्हीच वाचून ठरवा.

तुमचं पत्र पोचलं. 'लग्नाला येणार नाही, आशीर्वाद फोनवर देईन, आग्रह करू नये,' एवढ्यात तुम्ही एकुलत्या एका भाच्याचं लग्न उरकून टाकलंत. कारण लिहिलं नाहीत, पण ते न कळायला आम्ही काही परके नाही. त्या मेल्या तापाने तुमची कमरेपर्यंतची वेणी नेली आणि बदल्यात चार बोटं लांबीचे पांढरे, कोरडे, उभे राहणारे केस दिले. तेव्हापासून तुम्ही कुणालाही तोंड दाखवत नाही, भाजीसुद्धा घरपोच मागवता. रंग लावावा, तर तुमच्या घराण्याच्या कातडीला डाय म्हणजे साक्षात विंचू. (मागे एका लग्नात तुम्ही दोघा भावंडांनी एकाच बाटलीतला रंग लावला होतात, तुम्ही वेणीला आणि यांनी मिशांना. त्या लग्नाच्या फोटोत तुमचे दोन्ही डोळे मिटलेले आहेत आणि यांचा ओठ शेजारच्या माणसाला लागतोय.) टोप घालणार नाही, हे तर तुम्ही डॉक्टरांना तोंडावर सांगितलंत. म्हणजे सगळ्या वाटा बंद, असं तुम्ही परस्पर ठरवून मोकळ्या झालात. यांनी ते पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि 'नळाचा वायसर आणतो' म्हणून चप्पल घालून निघून गेले. नळ अजून गळतोय.

परत आले ते मान एका बाजूला कलती करून. जेवताना कलती, पेपर वाचताना कलती, झोपतानाही एकाच कुशीवर. आंघोळीला गेले तर कानावर वाटी धरून. मी म्हटलं, झालं, कान गेला! मग मी यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले. दोन दिवस या घरात मी अशी ओरडत होते की शेजारची बाई 'काही भांडण आहे का' म्हणून विचारायला आली. तिला दारातच थांबवून मी यांच्याबद्दल जे जे मनात साठलं होतं ते सांगून टाकलं, कारण म्हटलं, यांना कुठे ऐकू येतंय! वन्सं, या माणसाला सगळं ऐकू येत होतं. बहिरं ठरल्यावर भाजी निवडायला कुणी बोलावत नाही, हे लक्षात आल्यावर बंधुराजांनी चकार शब्द काढला नाही. (शेजारणीला मी काय सांगितलं ते मात्र आता जेवताना घासागणिक ऐकवतात.)

तिसऱ्या दिवशी पुन्हा 'वायसर'. मीही पदर खोचला आणि मागोमाग निघाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, हे दर दहा पावलांवर मागे वळून बघत होते. पण माणूस मागे वळला की मी कुठल्यातरी दुकानासमोर उभी, अशा रीतीने मला एका बादल्यांच्या दुकानदाराने तीनदा 'काय दाखवू' विचारलं. शेवटी हे जिथे शिरले ते बायकांचं पार्लर होतं. दारावर पुरुषांनाही मुभा असल्याचं लिहिलं होतं, पण मुभा घेतलेला पुरुष सबंध दुकानात हा एकच. एका बाजूला नवरी व्हायच्या बेतातली मुलगी, दुसऱ्या बाजूला डोकंभर चांदीचा कागद गुंडाळलेल्या बाई आणि मधल्या खुर्चीत गळ्यापर्यंत काळा कपडा लपेटलेले तुमचे बंधुराज! त्यांनी मला आरशात पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मांजर डोळे मिटून दूध पितं ते ऐकून होते, केस धुऊन घेताना पहिल्यांदाच पाहिलं.

पार्लरवाली मुलगी तशी गोड, पण तोपर्यंत रडकुंडीला आली होती. कारण केसांचं काम करून घ्यायचं तर नीट तयारी करून जावं, म्हणून यांनी सकाळी वाटीभर तेल डोक्यात जिरवलं होतं. केस अगदी स्वच्छ असल्याशिवाय ते ग्लॉस का काय ते धरत नाही, त्यामुळे बिचारी शाम्पूवर शाम्पू ओतत होती आणि हे बेसिनमध्ये मान टाकून घोरत होते. (घोरण्याचा आवाज बेसिनमध्ये घुमतो हे तिला नव्याने कळलं. मला पस्तीस वर्षं उशीवर कळतं आहे.)

मग तिने मला समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते, कारण ऐकण्यासारखं आहे. या ग्लॉसमध्ये रंग नसतो. पांढरे केस पांढरेच राहतात, काळे काळेच. फक्त केसांवर चमक येते, कोरडेपणा कमी दिसतो, उभे राहणारे केस जरा माणसांत आल्यासारखे बसतात. महिन्याभरात धुता धुता आपोआप निघून जातं. लावण्याआधी दोन दिवस कानामागे थेंबभर लावून बघायचं, खाज आली, सूज आली तर नाद सोडायचा. म्हणजे आमचा कान गेला नव्हता, कानामागे परीक्षा चालू होती!

आता तुम्हाला ठाऊकच आहे की वजनमापे खात्यातून निवृत्त झाला तरी या माणसातला निरीक्षक निवृत्त झालेला नाही. दूधवाल्याच्या मापात अजून बोट घालून बघतात. अशा माणसाच्या डोक्यावर ती मुलगी ब्रशने जे लावायला निघाली ते पाण्यासारखं, बिनरंगाचं. यांनी काळ्या कपड्याखालून हात बाहेर काढून तिला थांबवलं. "हे पाणीच नाही कशावरून?" ती म्हणाली, "काका, वाळल्यावर फरक दिसेल." हे म्हणाले, "फरक कशाशी? आधीचं डोकं कुठे ठेवलंयस तू? अर्ध्याला लाव, अर्धं तसंच राहू दे. नमुना जवळ असल्याशिवाय माल पास होत नाही." मी हात जोडले, पोरीने हात जोडले, चांदीच्या कागदातल्या बाईंनीसुद्धा दोन शब्द सांगून पाहिले. पण ऐकतील तर ते तुमचे भाऊ कसले? भांगापासून उजवीकडे ग्लॉस, डावीकडे जैसे थे, असं डोकं घेऊन आम्ही भर दुपारी घरी आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, यांनी डोकं दाखवून केलं.

आणि घरी येऊन बघतो तर व्याही आणि विहीणबाई सोफ्यावर! पत्रिकेचा मजकूर ठरवायला आले होते. सुरुवातीला त्यांच्या काही लक्षात आलं नाही, कारण फरक दिसायला प्रकाश पडावा लागतो. पण हे बसले खिडकीजवळ. उजवी बाजू अशी चकाकत होती की काय सांगू, धुतलेल्या स्टीलच्या तांब्यासारखी, आणि डावी बाजू आपली नेहमीची, घासायची राहिलेली. विहीणबाई एकदा बघायच्या, मग चष्मा पुसायच्या, मग पुन्हा बघायच्या. व्याह्यांनी उठून जागा बदलली आणि तिकडून बघितलं. पत्रिकेत कुणाचं नाव आधी घालायचं हा प्रश्न बाजूलाच राहिला. शेवटी विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "यांना कधी अर्धांगाचा वगैरे त्रास...?" मी म्हटलं, "नाही हो, अर्धवटपणाचा आहे, तो जुनाच."

व्याही गेल्यावर मी कंबर कसून भांडायला बसले. म्हटलं, या वयात कुणाला दाखवायची आहे ही चमक? तेव्हा खिशातून तुमचं पत्र काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईची कातडी आणि माझी कातडी एकच. मला सोसलं तर तिला सोसेल. उगाच तिच्यावर प्रयोग कशाला?" वन्सं, पस्तीस वर्षांत हा माणूस मला 'साडी बरी आहे' याच्यापलीकडे गोड शब्द बोललेला नाही, आणि बहिणीसाठी कानामागे औषध लावून, वाटी धरून आंघोळ करतो! मी उठून चहा टाकला, दुसरं काय करणार? त्या दिवशी साखर दुप्पट पडली, तरी यांनी दुसरा कप मागून घेतला.

यातली खरी गंमत अशी की ही सगळी तपश्चर्या फुकट गेली. दुसऱ्या दिवशी मी पार्लरवालीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "काकू, सख्खे भाऊ-बहीण असले तरी चालत नाही. ज्याचं डोकं त्याच्याच कानामागे." हे ऐकून यांचा चेहरा इतका उतरला, की मीच त्यांना समजावत बसले. आता दुसरी बाजू तरी करून घ्या म्हटलं, तर तेही नाही. 'ताईला फरक डोळ्यांनी बघू दे, तोपर्यंत डोकं असंच राहणार.' रस्त्यात ओळखीची माणसं डावीकडून नमस्कार करतात आणि उजवीकडून थबकतात. मी तर आता यांच्या डाव्या बाजूनेच चालते, म्हणजे निदान मला ओळखीचा नवरा दिसतो.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपा. मोठ्यांना सांगण्याचा अधिकार नाही, पण प्रेमाचा आहे, म्हणून लिहिलं.

तुमची,
भावजय

ता. क. : लग्नाचा आग्रह करू नये असं तुम्ही लिहिलंत, म्हणून लग्नाचा करत नाही. फक्त कानामागच्या थेंबासाठी या. त्याला दोन दिवस लागतात, मग ग्लॉसला एक, आणि तेवढ्यात लग्न येऊन पडलं तर त्याला माझा इलाज नाही.

ता. क. दुसरा : नाही आलात तर नवऱ्या मुलाचा बाप फोटोंमध्ये अर्ध्या डोक्याने उभा राहील आणि ते पाप तुमच्या माथी. यांनी मला काय सांगितलं ते मी तुम्हाला कळवल्याचं यांना कळू देऊ नका. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय. पाकीट घट्ट चिकटवूनच टाकायला देते आहे.

ताई, हे खालचं अक्षर माझं आहे. हिने पाकीट माझ्या हातात दिलं टपालात टाकायला. बंद पाकीट उघडून तपासल्याशिवाय मी आयुष्यात काही पुढे जाऊ दिलेलं नाही, तेव्हा सगळं वाचलं. बहुतेक खरं आहे. हिने एक लिहायचं गाळलं. मला अर्ध्या डोक्यावरून शिव्या घातल्या आणि त्यानंतर तीनच दिवसांनी ही त्याच पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसली, आपल्या केसांना पुरं ग्लॉस लावून घेतलं. कानामागचा थेंब तर फोन केला त्याच दिवशी गुपचूप लावून आली होती, पार्लरवालीच बोलून गेली. विचारलं तर म्हणते, 'वन्सं एकट्या कशा बसतील त्या खुर्चीत, आधी बघून ठेवलेलं बरं.' तेव्हा माझ्यापेक्षा शहाणी तीच. तिला हे सांगू नकोस.

पत्र मी टपालात टाकलेलं नाही. तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवतो आहे. पायरीवर बसून लिहितोय म्हणून अक्षर वाकडं. ते ग्लॉस तू लाव, नको लावूस, लग्नाला ये, नको येऊस, ते मागाहून बघू. डोक्यावर काही बांधायला शोधत बसू नकोस, आहेस तशी ये आणि दार उघड. तू आजारी पडल्यापासून मी नुसता तुझा आवाज ऐकतोय गं.