काच फुटल्यावर बोंबलणारा नको

दादा,

गाडी तुझ्या किल्लीने मी नेली आहे, शोधत बसू नकोस. अलार्म बसवायला चालले आहे. तू पसंत केलेला, काच फुटली की बोंबलणारा, मी घेणार नाही. आपली गाडी काच फोडून कोण नेतंय? बाबा नेतात, स्वतःच्या किल्लीने, आणि मग घरचा रस्ता विसरतात. तू "होतं वयामुळे" म्हणत विषय बदलतोस.

दुकानात दुसरा आहे. किल्ली फिरवली की आपल्या दोघांचे फोन वाजतात, आणि आपण हो म्हटल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. तोच बसवणार. चिडायचं तर चीड.

पण बाबांकडून किल्ली काढून घेऊ नकोस. ती खिशात चाचपल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

धाकटी