आजोबांचा आवाज घेऊन जा

॥ श्री ॥
भांडुप, २४ जून २०२५

चि. निलेश यास, प्रेमा आजीचे अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे कोणी मेलेलं नाही. भांडुपहून बोरीवलीला कोण पत्र पाठवतं, असं दर्शनाही म्हणाली. तिला म्हटलं, बाई, माझं घर एका खोलीचं. झटक्याने म्हाताऱ्याची वाचा गेली, कान मात्र शाबूत आहेत. फोनवर त्यांच्याबद्दल काही बोलले की सगळं ऐकतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. म्हणून ब्लाउज शिवायला टाकते असं सांगून शेजारी दर्शनाकडे येऊन बसले आहे. मी बोलते, ती मशीन थांबवून लिहिते. या वयात हिला किती ब्लाउज लागतात, असं त्यांच्या मनात येत असणार. पण विचारणार कसे?

तू पाठवलेल्या टॅबबद्दल सांगायचं होतं. चित्रावर बोट ठेवलं की तो आजोबांच्या आवाजात बोलतो. पहिल्या दिवशी मी रडले, खोटं कशाला सांगू. जुन्या व्हिडिओंतला आवाज गोळा करून तू हे बनवलंस, तुझं डोकं मोठंच. पण झिला, पंचावन्न वर्षांत या माणसाने मला नावाने हाक मारली नाही. ‘अगो’ म्हणायचे, नाहीतर नुसते खाकरायचे. आता तुझा टॅब दिवसातून वीस वेळा ‘प्रेमा’ म्हणतो. चाळीतल्या बायका म्हणतात, म्हातारा रंगात आलाय.

हसू झालं. आता खरं सांगते. टॅब आल्यापासून ते तोंड उघडत नाहीत. आधी ‘पा पा’ करून पाणी मागायचे, घाम यायचा, पण मागायचे. आता डाव्या हाताचं एक बोट, की झालं. इस्पितळातली तेजल, जी त्यांना बोलायला शिकवते, ती म्हणाली की पहिले सहा महिने जिभेला कामाला लावायचे. दोन गेले. तेव्हा रविवारी ये आणि तो आवाज घेऊन जा.

माया आहेच, ती न्यायला तरी तोंड दाखव.
तुझी आजी, प्रेमा (अंगठा)

*

बोरीवली, २ जुलै २०२५

ती. आजीस, निलेशचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तर दर्शनावहिनींच्या पत्त्यावर पाठवतोय, त्या वाचून दाखवतील. पत्र लिहायला पेन विकत आणावं लागलं, आणि माझं अक्षर बघून माझ्यासोबत राहणारा विकी म्हणाला की डॉक्टरांची चिठ्ठी वाटते.

आजी, आवाज काढून कसा घेऊ? आमच्या कंपनीत यंत्राला मराठी बोलायला शिकवतात, पण असा आवाज कोणाचाच उतरला नाही. मी हेडफोनवर ऐकतो तेव्हा वाटतं, आजोबा ओट्यावर बसून कोणाला तरी झापतायत. ते गप्प असण्यापेक्षा हे बरं नाही का? ‘प्रेमा’ काढून ‘अगो’ टाकलं आहे, मला तिथे यावं लागत नाही, इथे बसूनच टाकता येतं. आता बायकांना सांग, म्हातारा ताळ्यावर आला.

या रविवारी जमणार नाही, काम आहे.

तुझा राग असला तरी मायेचा वाटा तेवढा ठेव.
तुझा, निलेश

*

भांडुप, ५ ऑगस्ट २०२५

चि. निलेश यास अ. उ. आ.

‘अगो’ ऐकलं. हुबेहूब. मी भांडी घासताना दचकून ‘ओ’ दिली आणि वळून बघितलं, तर त्यांचं तोंड मिटलेलं. रे निलेश, अशी चेष्टा भुतंसुद्धा करत नाहीत.

परवा मी टॅब तांदळाच्या डब्यात लपवला. म्हटलं, लागू दे घसा कामाला. त्यांनी सकाळभर काही मागितलं नाही. पाणीसुद्धा नाही. दुपारी मी पेज पुढे ठेवली तर ताट भिरकावून दिलं. या माणसाने अन्नाला कधी पाय लावला नव्हता. मी पेजेतली शितं गोळा करत होते आणि ते माझ्याकडे बघून रडत होते. शेवटी टॅब काढून दिला. पहिलं बटण दाबलं ते पाण्याचं. तुझ्या यंत्राने किती गोड आवाजात पाणी मागितलं म्हणून सांगू!

तीन महिने संपले. तेजल हल्ली मला धीर देत नाही, नुसती फाईल बघते. देव मला आधी नेईल, मग हा माणूस कोणाला बटण दाबून दाखवणार?

तू आमच्याकडे शिकलास, वाढलास. आईवडील गावी कुडाळला, तू आमच्या कुशीत. झटका आला आणि आठ दिवसांत तू ऑफिस जवळ पडतं म्हणून बोरीवलीला राहायला गेलास. तेव्हापासून सामान पाठवतोस, औषधं पाठवतोस, आवाज पाठवतोस. तुला काय झालंय ते लिही. शिव्या द्यायच्या तर तेही लिही, दर्शना वाचताना गाळणार नाही, तिला मी दम दिलाय.

तुझी वाट बघून डोळ्यांना मोतीबिंदू आला, असं सांगणार होते, पण तो आधीचाच आहे.
तुझी आजी, प्रेमा (अंगठा)

*

बोरीवली, १८ ऑगस्ट २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे चार वेळा लिहून फाडलं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी तू मला ऑफिसात फोन केलास. म्हणालीस, यांची जीभ अडखळतेय, बघ जरा. मी फोनमधल्या त्या ॲपला विचारलं, ज्याला मी सगळंच विचारतो. पण मी विचारलं असं की आजोबा रात्रभर जागे होते, ऊन फार आहे, थकव्याने बोलणं अडखळतं का? त्याने छान मराठीत समजावलं की थकव्याने असं होऊ शकतं, पाणी द्या, विश्रांती द्या. खाली लिहिलं होतं की चेहरा वाकडा असेल तर ताबडतोब इस्पितळात न्या. मी तिथपर्यंत वाचलंच नाही. तुला सांगितलं, झोपू दे. संध्याकाळी आलो तेव्हा त्यांचा उजवा हात लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर.

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी रोज पुरं करतो.

आवाज मी घालवला, म्हणून आवाज बनवला. तोही चुकला. त्यांच्यासमोर यायची हिंमत नाही गं. ते बोलले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या. ते नुसते बघतील.

गणपतीत देवापुढे आजोबांऐवजी गाऱ्हाणं कोण घालणार म्हणून टॅबमध्ये नवीन बटण टाकलं आहे. शब्द मी लिहिले, आवाज त्यांचा. तेवढं एकदा चालवा. मग सगळं काढून टाकतो.

लोभ मागायचा हक्क राहिला नाही, तरी मागतो.
निलेश

*

भांडुप, २९ ऑगस्ट २०२५

चि. निलेश यास, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दर्शनाने वाचलं, एक ओळ गाळली नाही. आता माझं ऐक. त्या सकाळी तुला फोन करायच्या आधी घटकाभर मी काय करत होते? हसत होते. ते वाकडंतिकडं बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, माझी कवळी काढल्यावर मी जशी बोलते तशी माझी नक्कल करतायत. मी पण उलट नक्कल केली. म्हटलं, सकाळी सकाळी कुठे लावून आलात? ते पुन्हा काहीतरी सांगायला गेले आणि मी पुन्हा हसले. ते काय सांगत होते ते आता कोणालाच कळणार नाही. तू यंत्राला विचारलंस, मी तेही केलं नाही. तेव्हा पापाचा सगळा डोंगर एकटा उचलू नकोस, अर्धा माझा आहे.

आता गणपतीचं. काल दीड दिवसाचं विसर्जन. निघताना चाळीतली माणसं जमली, नारळ ठेवला, आजोबांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांनी तुझं बटण दाबलं. काय खणखणीत आवाज! बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची वाचा परत येऊ दे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. माझ्या मनात आलं, देव म्हणत असेल, अरे गुणाजी, एवढा स्पष्ट बोलतोयस, आणखी कसली वाचा हवी? तेवढ्यात आजोबांनी डाव्या हाताने टॅब खाली ढकलला. मान खाली घातली. एवढ्या माणसांत लाज गेल्यासारखे बसले.

कोणाला काय करावं कळेना. आमच्यात बाई गाऱ्हाणं घालत नाही. पण गणपती काय तसाच नेणार? मीच हात जोडले. म्हटलं, बा देवा म्हाराजा, हे मी मागणा करतंय. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. म्हटलं, ह्या माणसाक मी हसलंय, माझ्या नातवान दुर्लक्ष केल्यान, काय चूक झाली ता आमच्या पदरात घाल, त्येका मोकळो कर म्हाराजा. सगळे म्हणाले. आणि सगळे थांबल्यावर मागून एक आवाज आला. फाटका, चिखलातून पाय काढावा तसा. व्हय.

वळून बघितलं. या खेपेला तोंड उघडं होतं.

फार आशा धरू नकोस. तेजल म्हणाली, जन्मभर ऐकलेला शब्द कधी कधी आपोआप सुटतो, पुढचा येईलच असं नाही. एवढा एकच आला आहे. सकाळपासून चहा देऊ? व्हय. पंखा लावू? व्हय. मी अजून देखणी दिसते का? तेव्हाही व्हय, आता बोल. शेवटी धीर करून विचारलं, त्या दिवशी हसले म्हणून माझ्यावर राग आहे? लगेच म्हणाले, व्हय. आणि अर्ध्या तोंडाने हसले. अर्धंच तोंड चालतं त्यांचं.

मग तुझं विचारलं. निलेशवर राग आहे? ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मोठ्याने विचारलं. दर्शनाला बोलावून तिलाही विचारायला लावलं. तोंड उघडलं नाही. माझ्याकडे बघत राहिले, ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून असलेला एकच शब्द आत धरून.

टॅब बंद करून कपाटात ठेवला आहे. पत्र पुरे, आता तू ये.
तुझी आजी, प्रेमा (अंगठा)