शेवटच्या बाणाच्या वेळी

बाबा, तुम्ही गेल्यानंतर आपल्या देशाला इतकी पदकं मिळाली आहेत की सुरुवात कुठून करावी तेच मला कळत नाही. ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या बळावर सोनं कधी येईल, असं तुम्ही दर चार वर्षांनी विचारायचात. ते आलं. आधी नेमबाजीत आलं, मग बऱ्याच वर्षांनी भालाफेकीत. पैलवानांनी पदकं आणली, बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलींनी आणली, मुष्टियुद्धात बायकांनी आणली. आशियाई खेळांत तर एकदा आपल्या पदकांनी शंभरी ओलांडली. तुम्ही असता तर खामगावातल्या त्या जिलबीवाल्या हलवायाला कढई खाली उतरवायला फुरसत मिळाली नसती. हे सगळं तुम्हाला आनंदानं सांगावं असं फार वर्षं मनात होतं. आज सांगायला बसले आहे, पण आनंदाचं कारण अजिबात नाही.

तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मला अजून वासासकट आठवतं. तारा जोडायच्या डाखाचा धूर, तापलेल्या तारा, आणि कापसाच्या जिनिंगमधून सुटून आलेल्या माणसांच्या अंगावरचा सरकीचा वास. स्पर्धा सुरू झाल्या की तुम्ही दुरुस्तीची कामं बाजूला सारायचात. लोक ओरडायचे, त्यांचे रेडिओ फळीवर उघडे पडलेले असायचे, आणि तुम्ही सगळ्यांत चांगला चालणारा रेडिओ बाहेर स्टुलावर ठेवून बातम्या लावायचात. त्या काळी ऐकण्यासारखं काय असायचं? ऑलिम्पिकचे पंधरा दिवस संपायचे आणि आपल्या नावापुढे शून्य. चार वर्षांनी पुन्हा शून्य. जिनिंगमधला एक फिटर हसून म्हणायचा, "काऊन कान लावून बसता भाऊ? आपलं नाव येत नसते त्याच्यात." तुम्ही फक्त म्हणायचात, "येईन एक दिवस नाव." आशियाई खेळ असले की दुकानाला जरा कळा यायची. तिथं आपल्या मुली धावायच्या आणि जिंकायच्याही. मग तुम्ही दुकान उघडं टाकून जिलबी आणायला जायचात.

माझ्यासाठी तुम्ही मोडक्या सामानातून एक छोटा रेडिओ जोडून दिला होता. त्याचं खोकं साबणाच्या डबीचं होतं. आई भाकरी थापायची, मी चुलीशेजारी तो रेडिओ कानाला लावून बसायची आणि ऐकलेलं तिला ओरडून सांगायची. अशीच एकदा ऑलिम्पिकची बातमी आली की आपली एक धावपटू केसाएवढ्या फरकानं चौथी आली. मी धावत दुकानात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हरली ते पोरगी!" तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत. त्या दिवशी हातातला पेचकस खाली आपटलात. "कोण म्हणते हरली? साऱ्या दुनियेतून चवथी आली ते. तू या गल्लीत तरी चवथी येऊन दाखव, मंग बोल." गिऱ्हाइकांसमोर मला रडू फुटलं. संध्याकाळी तुम्ही माझ्या ताटात स्वतःच्या हातानं गूळ वाढलात आणि म्हणालात, "जिंकणाऱ्याचं नाव सारे घेतात बाई. चवथ्याचं आपण घ्यायचं."

तुम्ही पाहिलेली शेवटची मोठी गोष्ट म्हणजे एका बाईनं वजन उचलून आणलेलं कांस्य. तेव्हा तुम्हाला जिना चढवत नव्हता, तरी जिलबी तुम्हीच आणलीत. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. पुढच्या वर्षी माझी मुलगी जन्मली. तुमची आणि तिची भेट झाली नाही याचं दुःख मला आधीही होतं, पण आता ते फार जास्त आहे. तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

आम्ही बुलढाण्याला असतो. मी देऊळघाटच्या शाळेत शिकवते, तुमचे जावई एसटी चालवतात. मुलगी शाळेत असतानाच तिच्या हातात धनुष्य आलं. बांबूच्या धनुष्यानं सुरुवात झाली, मग खरं धनुष्य आलं. मग जिल्हा, राज्य, देश. उन्हाळ्यात मैदानावर सावली नावालाही नसायची, तरी तिचा हात हलायचा नाही. बाण सोडल्यावर तिचा चेहरा अगदी तुमच्यासारखा व्हायचा, रेडिओची सुई योग्य जागी आल्यावर तुमचा व्हायचा तसा. गेल्या आशियाई खेळांच्या आधी दिल्लीहून फोन आला की तिची निवड झाली. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मुलांना काय झालं ते कळलं नाही, पण मी रडते आहे म्हणून पहिलीतलं एक पोर येऊन माझा पदर धरून उभं राहिलं.

बाबा, तिथला नियम असा होता की चार मुली जातात. पहिल्या दिवशी चौघी आपापले बाण मारतात, आणि ज्या तिघींचे गुण जास्त त्यांचा संघ होतो. चौथी बाहेर. आपली मुलगी चौघींत चौथी आली. फार थोड्यानं. दोन दिवसांनी तिघींनी अंतिम सामना खेळला आणि ही हातात झेंडा घेऊन गॅलरीत बसली होती. आमच्या घरात शेजारचे सगळे टीव्हीसमोर जमले होते. सामना शेवटच्या बाणापर्यंत गेला आणि सोनं आपलं झालं.

गावातल्या लोकांना एवढंच कळलं की आपली मुलगी ज्या संघासोबत गेली, तो संघ जिंकला. मी दोन-तीन जणांना समजावून सांगितलं, पण तोवर बॅनर छापून झाले होते. ती मलकापूरला रेल्वेतून उतरली आणि तिला उघड्या जीपमध्ये बसवून राजूर घाटातून वर आणलं. घाट चढल्यावर ताशे सुरू झाले. माझ्या शाळेची मुलं फुलं घेऊन उभी होती. बॅनरवर तिच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'सुवर्णकन्या' लिहिलं होतं. ते वाचताना मी तिचा चेहरा पाहिला. तिचे ओठ पांढरे पडले होते. चौकात तिला मंचावर नेलं, शाल घातली, आणि समोरून एक म्हातारी म्हणाली, "पदक दाखव ना वं माय, डोळे भरून पाहू दे." तिनं माईक हातात घेतला. "पदक माह्यापाशी नाई. त्या तिघीनं जिंकलं. मी वर बसून होती."

ताशे थांबले. कुणी वाईट बोललं नाही बाबा, उलट टाळ्या वाजवल्या. पण त्या टाळ्या मी शाळेत नापास मुलाला धीर द्यायला वाजवते तशा होत्या. पुढाऱ्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. गर्दी पांगली. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "मंग येवढा तामझाम कायले केला?" ते तिनं ऐकलं. आम्ही ऑटोनं घरी आलो. हार तिच्या मांडीवर होता आणि ती त्यातली एकेक पाकळी तोडून बाहेर टाकत होती.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. धनुष्याची पेटी पलंगाखाली गेली. प्रशिक्षकांचा फोन वाजून वाजून बंद पडायचा. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. मी तिच्याजवळ बसून तुमचं वाक्य तिला सांगितलं, चौथ्याचं नाव आपण घ्यायचं, ते. मला वाटलं होतं त्यानं तिला बळ येईल. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, ते पोरगी साऱ्या दुनियेत चवथी होती. मी आपल्या घरातच चवथी आली." मी तिचं भरलेलं ताट उचलून आत नेलं.

मग तो सोमवार आला. मी शाळेतून परतले तर दार उघडं, फोन खाटेवर, आणि ती नाही. मैदानावर नाही, मैत्रिणीकडे नाही. तुमचे जावई गाडी घेऊन जळगावकडे गेले होते, त्यांचा फोन लागेना. मी रस्त्यानं वेड्यासारखी पळत होते. रस्त्याकडेला एक विहीर लागली तर तिच्यात वाकून पाहिलं. बाबा, विहिरीत वाकून आपल्या लेकराला शोधणं काय असतं ते मी कुणाला सांगू शकत नाही. तेवढ्यात ओळखीचा एक ऑटोवाला थांबला. "मॅडम, तुमची पोरगी घाटाकडे पायी जाऊन राह्यली होती. मी इचारलं, तर बोललीच नाई." मी त्याच्या ऑटोत बसले. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ऑटो भरधाव सोडली.

ती घाटातल्या एका वळणावर कठड्यावर बसली होती. पाय दरीकडे. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. ऑटोवाला जागीच थांबला, त्यानं इंजिन बंद केलं. मी हाक मारली नाही, हाकेनं ती दचकेल अशी भीती वाटली. हळूहळू गेले आणि तिच्याशेजारी कठड्यावर बसले. तिच्या कुडत्याची कड मी मुठीत धरली. तिला ते कळलं, पण तिनं सोडवून घेतली नाही.

दरीकडे पाहतच ती म्हणाली, "तुले वाटत असन मी हरली म्हणून अशी झाली."

"मंग कायनं झाली?"

"शेवटचा बाण होता ना आई. आपल्यातली एक पोरगी दोरी ओढून उभी होती. माह्या हातात झेंडा होता, सारे लोक ओरडून राह्यले होते. अन् माह्या मनात आलं, चुकावा. चुकावा हा बाण." तिनं कठडा घट्ट धरला. "माह्याच खोलीतली पोरगी हाये ते. मले ताप होता तं रात्रभर माह्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या तिनं. अन् मी देवाले म्हटलं, तिचा चुकव. मी कशी माणूस हावो आई? साऱ्या देशाचं सोनं जावं असं वाटलं मले."

पदक हुकलं म्हणून नाही, माझी मुलगी स्वतःच्या मनाला भिऊन मरायला निघाली होती. तिला काय सांगायचं? असं कुणाच्याही मनात येतं, हे मास्तरणीचं वाक्य झालं असतं, ते तिनं ऐकलं नसतं. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता की जगात अशी मी एकटीच आहे का. मी म्हटलं, "मलेबी वाटलं."

"काय?"

"चुकावा म्हणून. टीव्हीसमोर बसून मीबी तेच म्हटलं देवाले."

"खरं?"

"तुह्या गळ्याची शपथ," मी म्हटलं, आणि तिच्या गळ्याला हात लावला.

ती माझ्या खांद्यावर कोसळली. किती रडली त्याला सुमार नाही. मग तिनं एक पाय रस्त्याकडे टाकला, मग दुसरा. ऑटोवाला आम्हाला घरी सोडून निघून गेला. त्या रात्री ती थोडा वरणभात जेवली.

आता ती मैदानावर जाते. बाण पूर्वीसारखे एकाजवळ एक बसत नाहीत. नंतरच्या निवड चाचणीला गेली, तिची निवड झाली नाही. परत येऊन पडून राहिली, पण जेवली. मी अजून शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच आधी दाराकडे पाहते. दार बंद दिसलं तर छाती धडधडते, उघडं दिसलं तरी धडधडते. कुठल्याही दिवशी ती पुन्हा त्या वळणावर जाईल असं वाटतं. तिला डॉक्टरांकडे नेते, त्या चांगल्या आहेत, धीर धरा म्हणतात. मी धरते.

आणि पुन्हा मोठ्या स्पर्धा आल्या आहेत. टीव्हीवर सारख्या जाहिराती चालू आहेत. काल ती माझ्याजवळ येऊन बसली, किती दिवसांनी स्वतःहून, आणि म्हणाली, "आई, यंदा शेजाऱ्यायले बोलावू नको. आपण दोघीच पाहू. तुले अन् मलेच माहीत हाये काय वाटते ते." मी हो म्हटलं. ती माझा हात धरून बसेल बाबा, आणि शेवटच्या बाणाच्या वेळी टीव्हीकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहील.

हा कागद घरात ठेवता येणार नाही, तिच्या हाती लागला तर सगळं संपेल. तुमचा पत्ता नाही हे बरंच आहे. एवढं लिहिते आणि फाडून टाकते. त्या दिवशी आपल्या संघातल्या मुलीचा शेवटचा बाण बरोबर मधे रुतला तेव्हा मी खुर्चीवरून उडी मारून उठले होते. शेजारणीच्या गळ्यात पडले, ओरडले, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. चुकावा असं माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. तेवढा वेळ, बाबा, वर गॅलरीत माझी पोरगी बसून आहे हे मी साफ विसरून गेले होते.