आकांक्षाच्या पानाचं वजन

आखाडा बाळापूर,
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम.

तू हैदराबादला सुखरूप पोचल्याचं जनकाकाकूंकडून कळलं. इकडं सगळं ठीक. सोयाबीनची काढणी चालू आहे, त्यामुळं शंकरसिंग भाऊच्या नेट कॅफेत गिऱ्हाईक कमी आणि मला रिकामपण जास्त. तुझ्या मेलला मेलनंच उत्तर देणार होतो, पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला बसलं की माझा राग मलाच खोटा वाटतो. म्हणून पेन घेतला.

दसऱ्याला तू चार माणसांसमोर म्हणालास, "प्रमोद, ही साईट न्हाई, वरात आहे. बँडबाजा पुढं निघून गेला, नवरदेव मागंच अडकला." सगळे हसले. मी कीबोर्ड आपटला. त्याच्या दोन कळा अजून सापडल्या नाहीत, शंकरसिंग भाऊ रोज आठवण करून देतो. आपटायला नको होता, मान्य. पण तुझं म्हणणं मला अजून मान्य नाही.

तुझं म्हणणं काय? वधू-वर मेळाव्याची साईट म्हणजे नाव, शिक्षण, गाव, फोन नंबर आणि एक लहान फोटो. पांढऱ्यावर काळं. कोणत्याही खेड्यातल्या मशीनवर अर्ध्या मिनिटात उघडलं पाहिजे. फ्लॅशमध्ये हलती चित्रं केली की आधी ती दाखवणारं प्लगइन उतरवा, त्यात पाऊण तास, तोवर लाईन कटते, आणि मुलीचा बाप करड्या चौकोनाकडं बघून उठून जातो.

बराबर आहे. पण आपल्या लोकांनी काहून सदा साधंच बघायचं? पत्रिका तरी आपण साध्या कागदावर छापतो का? माझ्या साईटवर पिंपळाचं पान हलत खाली येतं, बासरी वाजते, मुलीचं नाव एकेक अक्षरानं सरकत येतं. मेळाव्यात पडद्यावर दाखवलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. भिकाबाई मावशी म्हणाल्या, "पोरगं कॉलेजातून पळालं, पण वाया गेलं न्हाई." तुझ्या पांढऱ्या पानाला टाळ्या कोण वाजवणार?

तरी तुझं ऐकलं. एकोणचाळीस मुली आहेत. प्रत्येकीच्या पानाखाली 'साधं पान' अशी लिंक देऊन राहिलो. प्लगइन नसेल त्यानं तिथं जावं. अडतीस झाली. तुझ्या बहिणीचं, आकांक्षाचं राहिलंय, ते निवांत करीन.

काल तुझे बाबा, मुंजाजी काका, कॅफेत आले होते. "आमच्या पोरीचं काही दिसून राहिलं का रे?" मी म्हणालो, लाईन बारीक आहे काका. तासभर बसले. मी चहा मागवला, घेतला नाही. मे महिन्यात माझ्यासाठी आकांक्षाला मागायला आलेल्या मामाला त्यांनी दिलेलं उत्तर अजून त्यांच्या तोंडावर होतं: शिक्षण अर्धं टाकलेलं अन् हात उचलणारं पोरगं. सेकंड इयरला मी ज्याचं डोकं भिंतीवर आपटलं तो आकांक्षाबद्दल काय बोलला होता, हे तुला ठाऊक आहे. त्यांना ते सांगायची चोरी.

हैदराबादची हवा मानवली का? खाण्याची तकलीफ होत असेल तर कळव, आई शेंगदाण्याची चटणी देते म्हणाली.

तुझाच,
प्रमोद

•

आखाडा बाळापूर,
२० फेब्रुवारी २००४

प्रेमानंद,

जय भीम. तब्येत बरी असेल. फोन तू उचलत नाहीस, मेल न वाचता पुसतोस. म्हणून रजिस्टर पोस्टानं.

आकांक्षाच्या साखरपुड्यात मी पेढ्यांचं ताट उधळलं आणि पाहुण्यांच्या अंगावर गेलो, त्याची माफी नंतर मागीन. आता मागितली तर पुढचं सगळं त्या माफीत वाहून जाईल. लग्नाला सोळा दिवस आहेत. हे पत्र भिरकावू नकोस.

पुण्याच्या त्या नवरदेवाचा, विश्वदीपचा मोबाईल नंबर मी सर्चमध्ये टाकला. जळून टाकला, खोटं काहून बोलू? आपल्या साईटवरून काही आलं नाही. येणारच नव्हतं. फ्लॅशच्या पोटातलं सर्चला दिसत नाही. पण विदर्भातल्या एका मंडळाची जुनी साईट आली. तू करशील तशीच, पांढरी, साधी. तिच्या अभिप्राय वहीत इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर आहे. जसा आहे तसा उतरवतो:

"माझी मुलगी देवला हिचं लग्न या नंबरच्या माणसाशी झालं. तेव्हा त्याचं नाव धम्मपाल होतं. पाच महिन्यांत मुलगी गेली. स्टोव्हचा भडका म्हणाले. त्या घरात स्टोव्ह नव्हता. गॅसची शेगडी मी स्वतः दिली होती. तो पुन्हा नाव बदलून स्थळ बघेल. मुलींच्या बापांनो, नंबर लिहून ठेवा. सोनाजी."

खाली त्यांचा फोन होता. मी लावला. म्हातारा माणूस, प्रत्येक वाक्याला थांबत होता. म्हणाले, "डाव्या भुवईत चीर आहे का, तेवढं बघा." साखरपुड्यात तू त्याच्या शेजारी बसला होतास. तू बघितलीस. मी पण बघितली, त्याची कॉलर धरली तेव्हा.

अजून एक म्हणाले. त्याचं आधीही एक लग्न झालं होतं, हे देवलाला कुठून तरी कळलं. तिला कळलंय हे त्याला कळलं. "त्याच्यानंतर आठ दिवस, बाबा. आठवा दिवस बुधवार होता."

तू म्हणशील, प्रमोद लग्न मोडायला बसलाय. मी तुझ्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणून आता जे लिहितो ते माझ्याविरुद्ध आहे. त्यावरून ठरव.

आकांक्षाचं साधं पान मी केलंच नाही. अडतीस जणींच्या पानाखाली लिंक आहे, तिच्या नाही. आणि तिचं फ्लॅशचं पान मी मुद्दाम जड केलं. बाकीच्यांचं शंभर केबीच्या आत, तिचं तीन एमबी. काय भरलं? माझा आवाज. कॅफे बंद करून, माईक तोंडाशी धरून मी तिच्याशी अकरा मिनिटं बोललो. औंढ्याच्या देवळामागं ती शेवटची भेटली ते, ती काय म्हणाली ते, सगळं. मग आवाज शून्यावर ठेवला. कुणाला काही ऐकू येणार नव्हतं. नुसतं वजन. आपल्या भागातल्या लाईनवर ते पान उघडायला अर्धा तास लागायचा, आणि अर्धा तास कुणाची लाईन टिकत नाही.

मला वाटलं, स्थळच येणार नाही. वर्ष जाईल, काका मऊ होतील.

सर्व्हरवर नोंद राहते. सत्तावीस जणांनी तिचं पान उघडायला घेतलं, सव्वीस अर्ध्यात गेले. पूर्ण उघडलं एकट्यानं. पुण्यातल्या एका ऑफिसची जाड लाईन, एकाच मशीनचा पत्ता, डिसेंबरात एकोणीस वेळा. साखरपुड्यात तोच म्हणाला ना, "पान मी ऑफिसात बसून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं"? काका किती खूश झाले होते. प्रेमानंद, मी चाळणी लावली, आणि चाळणीतून नेमका तो खाली आला.

हे पण लिहितो, नाहीतर पत्र अर्धं राहील. औंढ्याच्या एका शिक्षकानं तीनदा पान उघडायचा प्रयत्न केला आणि शेवटी कॅफेत फोन लावला. गरीब आवाज. "ते पान काही येईना, बायोडाटा पोस्टानं मिळेल का?" मी म्हणालो, त्या मुलीचं ठरलं. तेव्हा काहीच ठरलं नव्हतं.

आता मी तुझ्यासारखं एक पान केलंय. फुकटच्या जागेवर. बासरी नाही, चित्र नाही. सोनाजींचा मजकूर, दोन्ही नावं, मोबाईल नंबर, भुवईची खूण. चार केबी. कुठल्याही मशीनवर उघडेल. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आकांक्षा, हे वाच. प्रमोद.' पत्ता पाकिटाच्या आतल्या बाजूला आहे. खाली आकडा लावलाय, किती मशीनवरून बघितलं त्याचा. आत्ता एक आहे, तो मीच. दोन झाला की समजेन, तू उघडलंस.

काका-काकूंना हे माझ्या तोंडून सांगता येणार नाही. उंबऱ्यावर आलास तर तंगडं मोडीन म्हणालेत. तू सांग.

तुझा,
(अजून असेन तर)
प्रमोद

•

हिंगोली बसस्टँड,
११ मार्च २००४, दुपार

प्रेमानंद,

या वेळी पाकीट नाही. उघडा कागद आहे. लग्नाला आलेला तू अजून घरीच आहेस, म्हणून शंकरसिंग भाऊ मोटरसायकलवर तुमच्या दारात येईल आणि तू शेवटची ओळ वाचेस्तोवर हलणार नाही. त्यानं वाचलाय. हवं तर सगळ्या गल्लीनं वाचावा.

मागचं पत्र तू फोडलं नाहीस, आधी ते फोड. पानाचा आकडा लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा एकच होता. मी मांडवात येऊ नये म्हणून मला सात तारखेला मामानं शिरड शहापूरला नेऊन बसवलं होतं, दोन माणसं दाराशी. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली, हे मला तिथंच कळलं.

आज सकाळी मोकळा झालो, कॅफेत आलो, पान उघडलं. आकडा दोन.

मला वाटलं, तू. मी एवढ्यानं ओरडलो की शंकरसिंग भाऊ बाहेरून पळत आला. "क्या हुआ रे?" म्हणालो, प्रेमानंदनं वाचलं! मग आकड्यावर टिचकी मारून आतली नोंद बघितली. काल, बुधवार, सकाळी अकरा वीस. आला कुठून, तर सर्चमधून. काय शोधलं? तोच मोबाईल नंबर. कुठल्या लाईनवरून? पुण्याच्या. डिसेंबरातला तोच पत्ता.

त्यानं स्वतःचा नंबर शोधला. असला माणूस आपला नंबर शोधत असणारच, माझ्या डोक्यात हे आलंच नाही. फ्लॅशमध्ये लपवलं तेव्हा फक्त तो पोचला. सगळ्यांसाठी उघडं ठेवलं तेव्हाही तोच पोचला. नऊ मिनिटं थांबला पानावर. वर काय लिहिलंय ते तुला ठाऊक नसेल, कारण तू वाचलंच नाहीस. 'आकांक्षा, हे वाच.' म्हणजे तिला कळलंय, असंच तो धरणार. तिला बिचारीला काहीच ठाऊक नाही.

पान मी पुसलं. आता त्याचा काय उपयोग?

मग फोन केला, त्याच्या मोबाईलवर. दुपारचे साडेबारा. आकांक्षाला द्या म्हणालो. तो म्हणाला, "ती झोपली आहे." शांत आवाज, जसा साखरपुड्यात होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "प्रमोद ना? आवाज ओळखतो मी तुझा. अकरा मिनिटं ऐकलाय."

मी फ्लॅशमध्ये आवाज शून्यावर ठेवला होता. त्यानं पान फोडून तो बाहेर काढला. डिसेंबरातच. देवळामागं ती काय म्हणाली, मी तिला काय म्हणून हाक मारतो, सगळं ऐकून, सगळं ठाऊक असून तो आपल्या गावात आला, काकांच्या पाया पडला, लग्न केलं आणि तिला घेऊन गेला. काहून? माझ्याच्यानं पुढं विचार होत नाही.

पुण्याच्या पोलिसांना फोन लावला. पहिलाच प्रश्न, "तुम्ही मुलीचे कोण?" मला उत्तर आलं नाही. तू भाऊ आहेस. तुला उत्तर देता येतं. कागदाच्या मागं सोनाजींचा फोन, त्या घराचा पत्ता आणि त्या पोलीस ठाण्याचा नंबर लिहिलाय. आधी फोन कर, मग काकांना हात धरून उठव, आणि निघा. जीप शंकरसिंग भाऊनं सांगून ठेवलीय. काकू विचारतील तर काहीही सांग, पण थांबू नका. काल बुधवार होता, प्रेमानंद. सोनाजींची देवला आठव्या दिवशी गेली, आणि हा माणूस आठ दिवस तरी थांबेल असं त्याच्या आवाजावरून मला वाटलं नाही.

माझी गाडी फलाटाला लागली आहे. मी पुढं होतो. उद्या सकाळी तिथं असेन.

देवळामागं ती म्हणाली होती, "मला तू आवडत न्हाईस असं न्हाई. मला तुझ्या हाताची भीती वाटते, प्रमोद." मी तेव्हा रागावलो होतो. आज हे लिहिताना उजव्या हाताकडं बघून राहिलो. त्या दारात मी एकटा उभा राहिलो आणि तो हसून म्हणाला की ती झोपली आहे, तर हा हात माझं ऐकेल का, मला सांगता येत नाही. मग पोलीस मलाच घेऊन जातील, दार पुन्हा लागेल, आणि ती आत राहील.

म्हणून माझ्या आधी पोच.

तिचा कोण, हे सांगता न आलेला,
प्रमोद