गंजक्या पत्र्याला माझा ठोका

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. (उभ्यानेच केला असं समजा, वाकले तर पुन्हा उठेन याची गुडघे हमी देत नाहीत.) तुमची झोप आणि यजमानांचा खोकला कसा आहे ते कळवा. इकडे बाबा ठणठणीत आहेत, तुमचे बंधू नेहमीसारखेच आहेत, माझी मात्र घाबरगुंडी उडाली आहे. अक्षर वाकडं दिसेल, त्यात पेनाचा दोष नाही. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरानंतर एवढी कधीच घाबरले नव्हते.

गाडी विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या गॅरेजात आपल्या धाकटीने बँड काढला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं नाव 'गंजका पत्रा', हे मी मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं. (बारशाची इतकी नावं पडली असताना माणसं भंगाराकडे का वळतात, देव जाणे.) धाकटी गाते नि गिटार वाजवते, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस जाड तारांची गिटार वाजवते, आणि कोपऱ्यावरचा टायरवाला ड्रम बडवतो. मुलं गुणी आहेत, पाय पुसून आत येतात. पेपरात 'होतकरू' म्हणून फोटोही आला. पण जमिनीवर वायरी इतक्या, की पहिले आठ दिवस मी जप करतच दारावरून जायची. धाकटी 'सगळं जाळून टाका' असं गाण्यात किंचाळते, आणि जेवायला आली की विचारते, "आई, गॅस नीट बंद केलास ना?"

आता मूळ संकट. गॅरेज आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. घरात मिक्सर असला तरी मी मसाला खलबत्त्यातच कुटते (वीज वाचते, रागही निघून जातो), आणि दर घावाला देवाचं एक नाव घेते. कुटायची वेळ चार, त्यांच्या सरावाचीही चारच. टायरवाला हाताचा भक्कम, पण खुशीत आला की पळत सुटतो. तो भिंतीपलीकडून माझ्या ठोक्यावर चालत होता, हे मलाच काय, त्यालाही माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात बाहेर पहिला कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच गाण्यात तिघांची तीन दिशांना पांगापांग झाली. दुसऱ्या दिवशी सरावाला पुन्हा सगळं सुरळीत! धाकटी स्वयंपाकघरात आली, म्हणाली, "आई, जरा थांब." मी थांबले, टायरवाला भरकटला. "आता कुट." कुटलं; आला ताळ्यावर. असं तीनदा झालं. मग तिघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी बत्ता पदराआड लपवला.

येत्या रविवारी मोठी स्पर्धा आहे. जिंकले तर त्यांची गाणी रेकॉर्ड होणार; हरले तर बँड मोडायचा, असं तिघांनी ठरवलंय. आणि मी स्टेजवर बसून कुटायचं, समोर माइक! टिकटिक करणारं यंत्र आणून पाहिलं, तर टायरवाल्याला परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटला. तुमचे बंधू म्हणतात, "इतकी वर्षं आम्हाला तालावर नाचवलंस, आता लोकांनाही नाचव." वन्सं, तुम्हीच सांगा. ठोका चुकला तर पोरीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. नाही चुकला तर देवाच्या नावावर सगळं जाळून टाकल्याचं पाप. दोन्हीकडून मेलेच. देवापुढे बसले तर तोही मेला कानावर हात ठेवून. (मेला म्हटलं, क्षमा असावी.)

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि माझ्यासाठी प्रार्थना.

तुमची भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण हे. शनिवारीच बाबांना काहीतरी निमित्त काढून तुमच्याकडे बोलावून घ्या. सून चारचौघांत कुटताना दिसली तर या वयात त्यांना सोसायचं नाही.

ता. क. २. पत्र टपालात टाकायला बाबांकडे दिलं, ते त्यांनी वाचलं. म्हणाले, "लेकीकडे सोमवारी जाईन. आणि सूनबाई, तिसऱ्या कडव्याला तू घाई करतेस. तिथे श्वास घ्यावा." म्हणजे माझा ठोका चुकतो, आणि ते ऐकूही येतं! तेव्हा बाबांचं राहू द्या, वन्सं, तुम्हीच या. पहिल्या रांगेत बसा. तिसरं कडवं आलं की माझ्याकडे बघून मोठ्ठा श्वास घ्या. मी तुमच्याबरोबर घेईन.