धुळाईचं कूळ

भूम, ५ मार्च १९७५

चि. गोरोबास, अक्काचे अ. उ. आ.

हे सूनबाईकडून लिहून घेतेय. तुझ्या लेकीला, मथुरीला भेटाया येडशीला आले अन् जीव विटला. बैठकीत काचेत मढवलेली वंशावळ. म्हणं आपण चितोडच्या राजकुमाराची औलाद. अन् देवघरातला धुळाईचा तांदळा, आपल्या कुळाचा शेंदरी दगड, मोरीत. तुझी बायको मुक्ता त्याच्यावर धुणं आपटत होती. शेंदरावर साबणाचा फेस चढलेला.

दुष्काळात पोटच्या लेकरासंगं आईवेगळं कोकरू जिनं अंगावर पाजलं, त्या धुळाईची आपण लेकरं. बहात्तर साली खडी फोडून आपण दोघांनी सुकडी खाल्ली, तवा कुठं होता तुझा राजकुमार?

लोभ हाय म्हणून लिहिलं, न्हायतर थुंकून गप बसले असते.

तुझी अक्का, धुरपता

येडशी, १४ मार्च

ती. अक्कास, गोरोबाचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, मी आता दूध सोसायटीचा चेअरमन आहे. मेंढरामागच्या बाईचे कूळ सांगून मोठ्या घरची सोयरीक जुळत नाही. वंशावळ तुळजापुरात एका भाटाकडून रीतसर करून घेतली. मथुरेसाठी माणिकप्पांचा मुलगा सिद्धेश्वर ठरला आहे. तेही राजवंशी घराणे. २३ तारखेला, रविवारी साखरपुडा. अवश्य या, पण धुळाईचे नाव काढू नका. तांदळ्याचे नंतर बघू.

माया असू द्यावी, जिभेला आवर असावा.

गोरोबा

भूम, २४ मार्च

चि. गोरोबास, आ.

साखरपुड्यात मी तुझ्या शब्दाखातर गप बसले. पर विहीणबाई उमाबाईंनी मथुरीची ओटी भरताना खणात कच्ची लोकर बांधली. धुळाईच्या लेकरांबिगर ही रीत कुणात न्हाय. म्या त्यांना परसात गाठून इचारलं. बाई पांढरीफटक पडली. म्हणाली, आमची मूळ आई धुळाईच, पर मालकांनी तुळजापुराहून नवं कूळ आणलं, तवापासून बोलायची चोरी.

गोरोबा, एका आईची लेकरं ती. देवक एक. भावाला बहीण द्यायला निघालास. आजच्या आज ही सोयरीक मोड.

धुरपता

येडशी, ३० मार्च

ती. अक्कास, सा. न.

माणिकप्पांशी बोललो. ते म्हणाले, दोन्ही कागदांवर कुळे निराळी आहेत, मग अडचण कसली? मलाही पटले. पत्रिका छापून झाल्या. लग्न ठरल्याप्रमाणे होईल. बाकी क्षेम.

गोरोबा

भूम, ११ एप्रिल

गोरोबास,

आशीर्वाद लिहू नको, असं सूनबाईला सांगितलंय.

मथुरी माझ्याकडं हाय, हुडकत हिंडू नको. उमाबाईंनीच तिला सगळं सांगून एस्टीत बसवलं. सिद्धेश्वरनं बी बापाला तोंडावर सांगितलं, बहिणीशी लगीन लावणार न्हाय म्हणून. परक्याच्या पोराला कळलं.

पोरगी आल्यापासून नीट जेवली न्हाय. एकच इचारती, आत्या, बाबांना ठाऊक होतं, तरी मला हळद दळाया का लावली? तुझी शिसारी येती, एवढंच तोंडात येतं, अन् ते तिच्यापुढं बोलवत न्हाय.

तिचं स्थळ आता मी बघीन. कन्यादानाला तिचा मामा बसंल. म्या तुझं नाव काढून बघितलं, ती नको म्हणाली.

लोभ ठेवायचा का न्हाय, ते तिच्याकडं.

धुरपता