काठोकाठ वाटीची नोंद

ती. बुरुल एजेस,

तुझ्या धाकट्या भावाचा, तालायचा, वाकून सलाम. तुझ्या मेंढ्या खुशाल आहेत ना? घोडी व्याली का? दाजींचा गुडघा काय म्हणतो? (मेंढ्यांची चौकशी आधी केली म्हणून त्यांनी रागावू नये, रीतच तशी आहे.) इकडे बिश्केकमध्ये मी बरा आहे, म्हणजे दवाखान्यात लोकांची मनं ऐकून घ्यायची नोकरी अजून टिकून आहे.

तुला वाटतं, मी दिवसभर बसून लोकांच्या गप्पा ऐकतो. एजे, ऐकणं सोपं असतं. जीव जातो तो नंतरच्या नोंदी लिहिण्यात. आमच्या मोठ्या बाई, राखात असानोव्ना, म्हणतात की जे ऐकलं आणि दिसलं तेवढंच लिहा, आणि उद्या त्या माणसाने नोंद मागून वाचली तर तुम्हाला तोंड लपवावं लागू नये. म्हणजे आचाऱ्याला मिठाला हात लावू नको म्हणण्यातलाच प्रकार. मी सहा वर्षं शिकलो ते काय 'रडला, नाक पुसलं' असं लिहायला? एका बाईंनी खिडकी लावा म्हटलं, त्यावर मी दोन पानं लिहिली. (वारा येतो, असं कारण त्यांनी दिलं, पण लोक काय, काहीही सांगतात.) आणि यातलं काही निसटू नये म्हणून मी माणूस समोर बसलेला असतानाच लिहीत सुटतो.

हिवाळ्याच्या तोंडाशी गावाकडचा एक म्हातारा आला. बायको गेल्यापासून घरात कोणाशी बोलत नव्हता, म्हणून मुलाने त्याला शहरात आणून माझ्यापुढे बसवलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "बाळा, आमची म्हातारी होती ना..." झालं, मी मान खाली घातली. उजव्या हाताने लिहीत होतो, डाव्या हाताने चहा ओतत होतो. म्हातारा थांबला, चहा संपवला, माझ्या सात पिढ्यांना आशीर्वाद दिला आणि बाराव्या मिनिटाला निघून गेला. तीन आठवडे हेच. चौथ्यांदा आलाच नाही. मी लिहिलं, 'दुःखाला सामोरं जायची तयारी नाही. जवळीक वाढली की पळ काढतो. वडिलांशी जुना अबोला असावा.' (वडिलांचं नावसुद्धा त्याने काढलं नव्हतं, हाच पुरावा.)

बाईंनी ते वाचलं. "यात म्हातारा कुठाय, तालाय? मला तर सगळीकडे तूच दिसतोयस. खोलीत काय घडलं ते लिही, आणि तुझी अक्कल जरा दाराबाहेर ठेव."

मी रागारागाने, मुद्दाम पहिलीतल्या पोरासारखं लिहिलं. आला. टोपी काढली. बायकोचा विषय काढला. मी लिहीत होतो. न बघता चहा ओतला. त्याने वाटीकडे पाहिलं. पिऊन उठला.

बाईंनी एवढंच विचारलं, "वाटी किती भरलीस?"

"काठोकाठ," मी म्हणालो.

"पाहुण्याला बसवायचं तर अर्धी वाटी, घालवायचं तर काठोकाठ. शेंबड्या पोरालाही कळतं हे. तीनदा हाकललंस त्याला, आणि वर लिहितोस की तो पळाला."

एजे, मला फार लाज वाटली. बायकोबद्दल बोलायला तो तीनदा एवढ्या लांबून आला, आणि तिन्ही वेळा मीच त्याला रस्ता दाखवला. आता तो माझा फोन उचलत नाही.

बाकी सगळं क्षेम. दाजींना सलाम.

तुझा,
तालाय

ता. क. – नियमाप्रमाणे मला त्याचं नाव कोणालाही सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. पण तुमच्या कोचकोरमध्ये निळं फाटक आणि अंगणात चाकं नसलेला ट्रॅक्टर असं एकच घर असावं. त्याला चहाला बोलाव. अर्धी वाटी दे. संपली की पुन्हा अर्धीच. काही विचारू नकोस. तो काय बोलला ते मला कळवूही नकोस, नाहीतर मी लिहून ठेवीन.

ता. क. दुसरा – मागच्या नवरोजला मी तुला तुझ्या स्वभावातले दोष समजावून सांगत होतो, तेव्हा तू माझी वाटी काठोकाठ भरली होतीस, हे आज आठवलं. त्यानंतर मी आणखी तीन तास बसलो होतो.